शरीराला ओळख करून देणारा शास्त्रज्ञ

आपल्यापैकी बहुतेकांचा बायोलॉजीशी असलेला संबंध बारावीच्या प्रॅक्टिकलबरोबर संपतो. काहींनी तर अकरावीलाच बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं असतं. मी त्यातलाच एक. मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात गर्भधारणा आणि कुष्ठरोगाचे जंतू यांवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर असं. माझी बहीण मायक्रोबायॉलॉजी शिकते. "तुमचं शास्त्र म्हणजे नुसती नावं पाठ करायची," असं मी तिला नेहमी चिडवतो. एकदा वैतागून तिने मला एका शास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वाचायला लावलं. वाचता वाचता मला आपलेच शब्द भेटत गेले! सिग्नल, थ्रेशोल्ड, फेल्युअर रेट, ऑफ स्विच. शिवाय हे सगळं काम भारतात झालेलं. म्हटलं, हे सगळ्यांना सांगायलाच हवं.

त्या शास्त्रज्ञाचं नाव डॉ. गुरुशरण प्राण तलवार. जन्म १९२६ चा. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात डॉक्टरेट. १९५६ साली दिल्लीत एम्स सुरू झाली, तिथल्या सुरुवातीच्या प्राध्यापकांपैकी ते एक, विषय जीवरसायनशास्त्र. पुढे १९८० च्या दशकात दिल्लीतच राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी, उभी राहिली. तिचे ते पहिले संचालक. १९९२ साली पद्मभूषण मिळालं. जानेवारी २०२२ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाची यादी वरवर पाहिली तर गोंधळ उडतो. एका बाजूला गर्भधारणा रोखणारी लस, दुसऱ्या बाजूला कुष्ठरोगावरची लस. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? खरं तर प्रश्न एकच आहे. जे शरीर ओळखत नाही, ते त्याला ओळखायला शिकवता येईल का?

वॉचमनचा दाखला

आपली रोगप्रतिकारक यंत्रणा म्हणजे होस्टेलचा वॉचमन समजा. बाहेरचा अनोळखी माणूस आला की तो अडवतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि पुढच्या वेळी चेहरा लक्षात ठेवतो. लस म्हणजे त्या माणसाचा फोटो वॉचमनला आधीच दाखवून ठेवणं. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पण वॉचमन दोन प्रकारे निरुपयोगी ठरू शकतो. पहिला प्रकार म्हणजे येणारा माणूस होस्टेलचाच आहे असं त्याला वाटतं, म्हणून तो त्याच्याकडे बघतही नाही. दुसरा प्रकार म्हणजे येणारा खरोखर चोर आहे, पण वॉचमन त्याच्या बाबतीत झोपलेला आहे. डॉ. तलवार यांचं अर्धं काम पहिल्या प्रकारावर आहे आणि अर्धं दुसऱ्या. पहिल्यात येतं गर्भधारणेचं संप्रेरक. दुसऱ्यात कुष्ठरोगाचा जंतू.

गर्भाचा पहिला सिग्नल

आधी गर्भधारणेचं बघू. स्त्रीबीज फलित झालं की ते लगेच गर्भाशयात रुजत नाही, मध्ये साधारण आठवडा जातो. दरम्यान गर्भाशयाचं अस्तर तयार असतं, पण ते कायमचं टिकत नाही. "कुणी आलेलं नाही" असं समजून शरीर ते टाकून देतं, म्हणजेच पाळी येते. तसं होऊ नये म्हणून तो इवलासा गर्भ एक रासायनिक संदेश पाठवू लागतो. त्या संदेशाचं नाव एचसीजी, म्हणजे ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन. हा संदेश पोचला की अंडाशयातला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो आणि अस्तर टिकतं. औषधाच्या दुकानात मिळणारं गर्भचाचणीचं किट लघवीत हेच एचसीजी शोधतं.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. सगळी पुढची प्रक्रिया या एका सिग्नलवर अवलंबून आहे. सिग्नल वाटेतच अडवला तर? अंडाशयाला हात लावायचा नाही, पाळीचं चक्र बिघडवायचं नाही, रोज गोळी घ्यायची नाही. फक्त तो संदेश पोचू द्यायचा नाही. कल्पना किती नेटकी!

अडचण अशी, की एचसीजी हा आपल्याच शरीराचा पदार्थ. वॉचमनला तो होस्टेलचाच वाटतो. नुसतं एचसीजी टोचलं तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही. डॉ. तलवार यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी हे संप्रेरक धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला रासायनिक बंधाने जोडलं. टॉक्सॉइड म्हणजे विषारीपणा काढून टाकलेलं जंतूचं विष, जे आपण धनुर्वाताच्या लसीत घेतोच. वॉचमनच्या भाषेत सांगायचं तर, नामचीन गुंडाच्या बाइकवर मागच्या सीटवर होस्टेलचा मुलगा बसून आला. वॉचमनने गुंडाबरोबर त्याचंही नाव लिहून घेतलं. पुढच्या वेळी तो मुलगा एकटा आला तरी वॉचमन त्याला अडवतो.

आणखी एक बारकावा आहे. एचसीजीचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा हा भाग एचसीजीबरोबरच इतर तीन संप्रेरकांतही तोच असतो. त्यांत थायरॉइडला चालना देणारं संप्रेरकही आहे. एकाच मदरबोर्डवर वेगवेगळी कार्डं बसवावीत तसा हा प्रकार. संपूर्ण एचसीजीविरुद्ध अँटिबॉडी बनल्या तर त्या बाकीच्या तिघांवरही तुटून पडतील. म्हणून लसीसाठी बीटा भाग निवडला. १९७६ साली या कामाचे निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आले. स्त्रीच्या शरीराला तिच्याच संप्रेरकाविरुद्ध अँटिबॉडी बनवायला शिकवता येतं, आणि तीही कायमची नव्हे तर काही काळापुरती, हे त्यातून दिसलं.

आकडे काय म्हणतात?

पहिल्या लसीत अँटिबॉडीचं प्रमाण बाईगणिक फार बदलत होतं. मग सुधारित लस आली. मानवी बीटा भागाला मेंढीच्या एका संप्रेरकाचा अल्फा भाग जोडायचा, आणि ती जोडी धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या टॉक्सॉइडवर बसवायची. दोन टॉक्सॉइड वापरण्यालाही कारण होतं. एकच वाहक पुन्हा पुन्हा टोचला की शरीर वाहकाकडेच लक्ष देतं आणि त्यावरच्या प्रवाशाला विसरतं. वाहक बदलला की पुन्हा नीट प्रतिसाद मिळतो.

या लसीच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत.

चाचणीत १४८ स्त्रिया होत्या, सगळ्या आधी मूल झालेल्या. त्यांपैकी ११९ जणींच्या रक्तात अँटिबॉडीचं प्रमाण ठरवलेल्या पातळीच्या वर गेलं. ही पातळी म्हणजे एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम एचसीजी पकडण्याची क्षमता. पातळी या रेषेच्या वर असताना एकूण १२२४ मासिक चक्रं नोंदवली गेली. त्यांत गर्भधारणा झाली फक्त एक! महिन्याला एक चक्र धरा, हे जवळपास १०० वर्षांइतकं होतं. म्हणजे १०० स्त्रियांनी वर्षभर लस वापरली तर साधारण एकीला दिवस जातील. पाळी नियमित, बीज सुटणंही नियमित.

पातळी ३५ च्या खाली घसरली तेव्हा २६ गर्भधारणा झाल्या. वरवर हे अपयश वाटतं, पण यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, थ्रेशोल्ड खरोखर अस्तित्वात आहे. रेषेच्या वर सिग्नल अडतो, खाली तो पोचतो. दोन, बूस्टर थांबवला की मूल होण्याची क्षमता परत येते. अँटिबॉडी थोड्या शिल्लक असताना राहिलेल्या गर्भांतून जन्मलेली मुलं त्यांच्या भावंडांशी तुलना करून तपासली गेली. त्यांची वाढ नॉर्मल होती.

आता उरलेला आकडा बघा. १४८ वजा ११९ म्हणजे २९. दर पाच स्त्रियांमागे एकीच्या शरीराने पुरेशा अँटिबॉडी बनवल्याच नाहीत. आपल्याकडे प्रोजेक्टला ८० टक्के ॲक्युरसी आली की आपण पेढे वाटतो. पण गर्भनिरोधकाच्या बाबतीत ८० टक्के म्हणजे काय? पाचवी बाई लस घेऊनही निर्धास्त राहू शकत नाही. शिवाय प्रत्येकीचं रक्त तपासल्याशिवाय ती चौघींत आहे की पाचवी, हे कळणारही नाही. आणखी एक अडचण होती. सुरुवातीला सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन इंजेक्शनं घ्यायची, आणि पातळी चढेपर्यंत दुसरं साधन वापरायचं. तत्त्व सिद्ध झालं होतं, पण प्रॉडक्ट तयार नव्हतं. या दोहोंमधलं अंतर किती असतं, ते या लसीने दाखवून दिलं. १९७६ पासून आज इतकी वर्षं झाली, तरी ही लस दवाखान्यात मिळत नाही.

ऑफ स्विच कुठे आहे?

अडचण फक्त तांत्रिक असती तर गोष्ट इथेच संपली असती. १९९० च्या दशकात या लसीला जोरदार विरोध झाला, आणि तो स्त्रियांच्या संघटनांकडून झाला. दिल्लीची 'सहेली', मुंबईचा 'फोरम फॉर विमेन्स हेल्थ' या भारतातल्या संघटना त्यात होत्या. १९९३ साली जगभरच्या अनेक संघटनांनी मिळून असं संशोधनच थांबवा अशी मागणी केली.

मला आधी वाटलं, विज्ञानाला विरोध करणारे लोक सगळीकडे असतात, त्यातलाच हा प्रकार. मग त्यांचे मुद्दे नीट वाचले. त्यांतला एक मुद्दा चक्क डिझाइनचा आहे. गोळी बंद करायची तर स्त्री स्वतः बंद करते. तांबी काढायची तर काढून घेता येते. पण एकदा टोचलेली लस मध्येच कशी बंद करणार? अँटिबॉडी आपणहून ओसरेपर्यंत वाट बघायची. म्हणजे या यंत्राला टायमर आहे, ऑफ स्विच नाही. आणि सुई ज्याच्या हातात, नियंत्रणही त्याच्याच हातात.

आपल्या देशात या भीतीला इतिहास आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीची टार्गेटं कशी पुरी केली गेली, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. कुठल्या तरी शिबिरात साधी लस म्हणून हीच लस टोचली गेली तर, असं एखाद्या बाईला वाटलं तर तिला वेडी म्हणता येईल का? दुसरी बाजूही आहे. ज्या बाईला रोजची गोळी लपवून ठेवावी लागते, जिला तांबी सोसत नाही, जिच्यापुढे शस्त्रक्रिया हा एकच मार्ग उरतो, तिला आणखी एक पर्याय मिळावा ही डॉ. तलवार यांची तळमळही खरीच होती. दोन्ही बाजू बाईच्याच बाजूने बोलत होत्या. प्रश्न होता तो निर्णय कुणी घ्यायचा याचा. तो प्रयोगशाळेत सुटत नाही.

'डब्ल्यू' नावाचा जंतू

आता वॉचमनच्या दुसऱ्या दोषाकडे, म्हणजे कुष्ठरोगाकडे वळू.

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. माणसाचा रोग ज्याच्याशी जोडला गेला अशा पहिल्या काही जंतूंपैकी तो एक. पण गंमत बघा, तेव्हापासून आजपर्यंत हा जंतू काचेच्या बशीत कुणालाही वाढवता आलेला नाही. वाढवायचा तर उंदराच्या पंजात किंवा आर्मडिलो नावाच्या कवचधारी प्राण्याच्या शरीरात. मग त्याची लस बनवायची तरी कशी? कच्चा मालच मिळत नाही!

या रोगात माणसामाणसांत मोठा फरक दिसतो. बहुसंख्य लोकांना जंतूशी संपर्क येऊनही काहीच होत नाही. काहींना एक-दोन बधिर चट्टे येतात. पण काहींच्या शरीरात हे जंतू अफाट वाढतात आणि त्यांच्या टी पेशी ढिम्म हलत नाहीत. शरीराला हा जंतू जणू दिसतच नाही. औषधाने जंतू मरतात, पण ही झोप मोडेलच असं नाही.

डॉ. तलवार यांच्या गटाने असा विचार केला, की चोराचा फोटो दाखवून वॉचमन जागा होत नसेल तर त्याचा चुलतभाऊ दाखवून बघू. कुष्ठरोगाच्या जंतूचे नातेवाईक असलेले, पण निरुपद्रवी आणि प्रयोगशाळेत सहज वाढणारे अनेक जंतू त्यांनी जमवले. त्यांना इंग्रजी अक्षरांची सांकेतिक नावं दिली. कुष्ठरुग्णांच्या पांढऱ्या पेशी कुणाला कसा प्रतिसाद देतात हे तपासलं, आणि त्यातून 'डब्ल्यू' या अक्षराचा जंतू निवडला. मारलेल्या डब्ल्यू जंतूंची लस औषधांच्या जोडीने दिल्यावर, आधी अजिबात प्रतिसाद न देणाऱ्या अनेक रुग्णांची शरीरं कुष्ठजंतूला ओळखू लागली. शरीरातले जंतू नुसत्या औषधांपेक्षा लवकर कमी झाले.

पुढे या जंतूच्या जनुकांचा अभ्यास झाला. ही एक वेगळीच जात आहे असं ठरवून तिचं नाव मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी ठेवलं गेलं. 'इंडिकस' म्हणजे भारतातला. 'प्रानी' मध्ये डॉक्टरांचं 'प्राण' हे नाव आहे आणि त्यांच्या संस्थेची आद्याक्षरं, एनआयआय, सुद्धा! कॅडिला फार्मास्युटिकल्सने ही लस 'इम्युवॅक' या नावाने बाजारात आणली. २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांवरही याच जंतूपासून केलेल्या औषधाची चाचणी सीएसआयआरने हाती घेतली होती.

दोन चाचण्या, दोन उत्तरं

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. पण आकडे पुढे वाचायला हवेत.

रुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांना ही लस रोगापासून वाचवते का? उत्तर प्रदेशात कानपूर देहातच्या खेड्यांत हे तपासलं गेलं. रुग्णांच्या संपर्कातल्या २४,०६० जणांचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. संपर्कातल्या माणसांना लस दिली तेव्हा पहिल्या फेरतपासणीत ६८.६ टक्के संरक्षण दिसलं, दुसऱ्या फेरीत ५९ टक्के, तिसऱ्या फेरीत ३९.३ टक्के. म्हणजे लस काम करते, पण काही वर्षांनी तिचा जोर ओसरतो. बूस्टर लागणार.

त्याआधी तमिळनाडूत एक प्रचंड चाचणी झाली होती. सुमारे १,७१,४०० लोकांना वेगवेगळ्या लसी देऊन तुलना केली गेली. १९९८ साली निष्कर्ष आले. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के, आणि डब्ल्यूच्या लसीने फक्त २५.७ टक्के. या तुलनेत ६५.५ टक्के मिळवून सगळ्यांच्या पुढे होती ती आयसीआरसी लस.

ही लस आपल्या मुंबईची! परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ साली कुष्ठरुग्णापासून वेगळा काढलेला जंतू हा तिचा पाया. त्या कामात डॉ. वसंत खानोलकर यांच्याबरोबर पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. कर्करोगाच्या संशोधक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कुष्ठरोगाच्या लसीच्या मुळाशीही त्यांचं काम आहे हे किती जणांना माहीत असतं?

मग कुठला आकडा खरा, ६८.६ की २५.७? माझ्या मते दोन्ही. एका ठिकाणी रुग्णाच्या घरातली माणसं होती, दुसऱ्या ठिकाणी सर्वसाधारण लोकसंख्या होती. लोक वेगळे, प्रांत वेगळा. लोड बदलला की एकाच मोटरची एफिशियन्सी बदलते, हे आपण लॅबमध्ये बघतोच. पण कुणी नुसता ६८.६ सांगितला आणि २५.७ गाळला, तर ती जाहिरात झाली. उलट केलं तर ती बदनामी झाली.

दोन वाटा एकत्र येतात

मला सगळ्यात आवडलेला भाग आता येतो. संचालकपद सोडल्यावर वयाच्या सत्तरीत, ऐंशीत आणि त्याहीनंतर डॉ. तलवार पुन्हा गर्भनिरोधक लसीकडे वळले. पाचवी बाई त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती.

जुन्या लसीत दोन प्रथिनं रासायनिक पद्धतीने जोडली जायची. त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये कुठे, किती जोड लागले याचा नेम नसे. आपल्या भाषेत हाताने केलेलं सोल्डरिंग! नव्या लसीत जनुकाच्या पातळीवरच जोड दिला. एचसीजीचा बीटा भाग आणि ई. कोलाय जंतूच्या एका विषाचा निरुपद्रवी तुकडा यांचं एकच जनुक बनवलं आणि यीस्टच्या पेशीकडून ते प्रथिन तयार करून घेतलं. आता प्रत्येक रेणू सारखा. सोल्डरिंग जाऊन प्रिंटेड सर्किट आलं म्हणा ना.

आणि प्रतिसाद वाढवण्यासाठी लसीच्या जोडीला काय दिलं? तोच डब्ल्यू, मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी! कुष्ठरोगासाठी निवडलेला जंतू वॉचमनला खडबडून जागं करायला गर्भनिरोधक लसीत आला. उंदरांवरच्या प्रयोगांत अँटिबॉडीचं प्रमाण त्याने चांगलंच वाढलं. तीस-चाळीस वर्षं समांतर चाललेल्या दोन वाटा शेवटी अशा मिळाल्या.

याच टप्प्यावरच्या आणखी एका कामाची पुण्याशी नाळ जोडलेली आहे. कडुनिंब, रिठा आणि क्विनाइन यांपासून त्यांच्या गटाने 'प्रानीम' नावाची योनीमार्गात ठेवायची गोळी बनवली. हेतू असा, की लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूंपासून स्त्रीला स्वतःच्या हातात असलेलं साधन मिळावं. ती सुरक्षित आहे का, याची सुरुवातीची तपासणी पुण्यात तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केली. शिवाय निरोगी स्त्रियांच्या शरीरात नैसर्गिकपणे राहणाऱ्या लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जंतूंचे निवडक वाण घेऊन संसर्गावर उपाय करण्याचं कामही झालं. दही लावणाऱ्या जंतूंचे हे भाऊबंद. बायका ज्या तक्रारी अंगावर काढतात, त्यांना शास्त्राचा विषय मानणारा माणूस म्हणूनही मला डॉ. तलवार मोठे वाटतात.

अफवेचा जंतू

या कामाची एक सावलीही आहे. संशोधनाच्या लसीत धनुर्वाताचं टॉक्सॉइड वाहक म्हणून वापरलं, हे आपण पाहिलं. एवढ्यावरून १९९० च्या दशकात मेक्सिको आणि फिलिपिन्समध्ये अफवा उठली, की गरोदर बायकांना दिली जाणारी धनुर्वाताची लस ही गुपचूप वांझ करणारी लस आहे. २०१४ साली केनियात हाच आरोप पुन्हा झाला. "तपासणीत एचसीजी सापडलं" असंही सांगितलं गेलं. पण रक्त-लघवीसाठी बनवलेल्या किटमध्ये लस टाकली तर येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. मल्टिमीटरच्या प्रोब्स कुठेही लावा, काहीतरी रीडिंग दिसतंच!

बायका घाबरून धनुर्वाताची लस टाळतात तेव्हा किंमत नवजात बाळ मोजतं, कारण नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातापासून त्याला आईच्या अँटिबॉडीच वाचवतात. असा मेसेज मोबाइलवर आला तर या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. धनुर्वाताची साधी लस वेगळी आणि एचसीजी जोडलेली संशोधनातली लस वेगळी. पण तेवढंच म्हणून थांबू नका. समोरच्याला भीती का वाटते तेही ऐकून घ्या. जिथे कधी काळी लोकांना न विचारता कार्यक्रम राबवले गेले, तिथेच अशा अफवा रुजतात.

आपल्यासाठी काय?

कुष्ठरोग आजही संपलेला नाही. २००५ च्या अखेरीस भारताने दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, पण दर वर्षी जवळपास एक लाख नवे रुग्ण अजूनही नोंदले जातात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, वेळेवर घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका आणि दुसऱ्यालाही लपवू देऊ नका.

आणि संशोधनाबद्दल म्हणाल तर, मला या माणसाच्या पेपरांची संख्या नाही, २९ हा आकडा लक्षात राहिला आहे. १४८ पैकी ज्या २९ जणींवर लस चालली नाही त्या निबंधात लपवलेल्या नाहीत, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांच्यासाठीच काम झालं. लवकरच आपल्या सगळ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगला जातील. त्यात 'रिझल्ट्स'च्या पानावर न चाललेल्या रीडिंग्जसाठीही एक कॉलम ठेवायला काय हरकत आहे? पुढच्या बॅचला खरं काम कदाचित तिथूनच सुरू करता येईल.